जुन्या डब्यात नवा बोर्ड

ताईला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा ते ठीक, त्याचा तो हक्कच. पण भावजय म्हणायची, खाली मशीनवर काम करणारे कारागीर म्हणायचे, धाग्याची रिळं पोचवणारा टेम्पोवालाही म्हणायचा, आणि टेम्पोवाला तर तिच्यापेक्षा चांगला बारा वर्षांनी मोठा होता. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, अख्ख्या जगाची थोरली बहीण! आता बाई एकदा जगाची बहीण झाली की तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही. बहिणीला काय हवं असणार? भावाचं भलं.

भावाचा भरतकामाचा कारखाना होता. हातावरचं नव्हे, मशीनवरचं भरतकाम. लांबलचक मशीन, त्याला बारा डोकी, एकच चित्र एका वेळी बारा कापडांवर उमटायचं. शाळांचे बिल्ले, इस्पितळाच्या कोटांवरची नावं, कंपन्यांच्या शर्टांवरची चिन्हं, असला माल. मशीनला काय, ते बिचारं सांगाल तसं राबतं. पण कुठल्या टाक्यानंतर कुठला टाका, धागा कुठे कापायचा, कुठून उलटं फिरायचं, हे त्याला आधी कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. ते सांगायचं काम ताईचं. चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि त्याचे टाके पाडायचे. एका बिल्ल्यात सात-आठ हजार टाके. एकोणीस वर्षं ती हेच करत होती, आणि हात असा बसला होता की तिने पाडलेल्या सिंहाच्या आयाळीवरून बोट फिरवलं तर केस कुठल्या बाजूला विंचरलेत ते कळायचं.

ती बसायची पोटमाळ्यावर. मशीनच्या डोक्यावर फळ्यांचा माळा, लोखंडी शिडी, आणि खिडकी नाही. माळा मुळात खोकी ठेवायला बांधलेला, खोक्यांना कशाला हवी खिडकी? पुढे खोकी गेली आणि ताई आली, एवढाच काय तो फरक. खाली मशीन सुरू झालं की फळ्या थरथरायच्या, पेल्यातलं पाणी थरथरायचं, आणि संध्याकाळी ती अंथरुणावर पडली तरी तिचे तळपाय थरथरतच असायचे. घर म्हणजे तरी कुठे लांब होतं? कारखान्याचं मागचं दार उघडलं की घर. भाऊ, भावजय आणि ती. कामाचे नमुने वर यायचे ते दोरीला बांधलेल्या टोपलीतून. खालून भाऊ ओरडायचा, "ताई, ओढ गं!" आणि ताई ओढायची. जेवणाचा डबाही तसाच वर यायचा.

"आमच्या ताईशिवाय इथं पान हलत नाही," भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण पान हलत राहावं म्हणून ताईने जागचं हलायचं नाही, असा त्याचा अर्थ कधी होत गेला ते कुणाला कळलं नाही. ताईलाही नाही.

एके दिवशी टोपीवाल्या बाई आल्या. टोप्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत डिझाइनचं बघायच्या. त्यांनी शाळेचा एक बिल्ला उचलला, उलटा करून मागचे धागे बघितले आणि विचारलं, "याचे टाके कुणी पाडलेत?"

"आमच्याकडेच होतं सगळं," भाऊ म्हणाला.

"तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

भावाने वर बोट दाखवलं. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. त्यांनी पदर खोचला आणि धापा टाकत शिडी चढायला लागल्या. शिडी अशी करकरली की कारागिरांनी मशीन थांबवलं. तेवढ्यात भावाला कुणाचा तरी फोन आला आणि तो बाहेर गेला. हे एक बरं झालं. नाहीतर पुढचं बोलणं झालंच नसतं.

बाई वर आल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. टोपी गोल असते, तिच्यावर टाके पाडणं येरागबाळ्याचं काम नाही, त्यांना घरी बसून हे करणारी माणसं हवी होती. "काम थेट तुम्हाला देईन," त्या म्हणाल्या, "तुमच्या नावावर. पण आमचा प्रोग्राम नवा आहे, त्यावर करावं लागेल. तो मी देते. वीस तारखेपर्यंत तीन नमुने करून पाठवा. पसंत पडले तर वर्षभर काम आहे."

तुमच्या नावावर! ताईच्या नावावर आजवर काय होतं? रेशन कार्डात एक ओळ.

त्यातून दोन गल्ल्या पलीकडे एक खोली रिकामी होती. तिसरा मजला, मोरी स्वतंत्र, आणि रस्त्याकडे चांगली हातभर रुंद खिडकी. मालकीण निवृत्त नर्स होती. ताई संध्याकाळी भाजी आणायला जायची तेव्हा दोनदा वर जाऊन बघून आली होती. एकदा तर नुसती खिडकीत उभी राहून आली. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देईन." म्हणजे हिशेब सरळ होता. वीस तारखेला नमुने पसंत, तीस तारखेला खोली.

घोडं अडलं ते कॉम्प्युटरशी. नवा प्रोग्राम घालायला गेली तर कॉम्प्युटरने साफ सांगितलं, हा प्रोसेसर जुना आहे, माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुम्ही म्हणाल, मग नवा कॉम्प्युटर का नाही घेतला? अहो, नवं खोकं शिडीवरून वर जाणार म्हणजे भावाच्या डोळ्यांदेखत जाणार. तो विचारणार, कशाला गं? त्याला खोटं सांगणं तिला जमत नव्हतं आणि खरं सांगायची छाती नव्हती. ओरडणारा भाऊ असता तर ती केव्हाच भांडून मोकळी झाली असती. हा ओरडायचाच नाही. याचा चेहरा पडायचा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सोळाची. त्या दिवशी जो चेहरा पडला होता तोच तो आजही पाडायचा, चाळिशीकडे झुकलेला, टक्कल पडायला लागलेलं, तरी चेहरा तोच. तो पडला की ताईचं सगळं अवसान गळायचं. म्हणून तिने ठरवलं की डबा तोच ठेवायचा. पडदा तोच, कीबोर्ड तोच. आतला मदरबोर्ड आणि त्याच्यावरचा प्रोसेसर तेवढा बदलायचा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय!

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार होता, त्याला सगळे पिनमास्तर म्हणत. गिऱ्हाइकं प्रोसेसर बसवताना घाई करतात, त्याच्या केसासारख्या पिना वाकवतात आणि रडत येतात. हा भिंगाखाली धरून एकेक पिन सरळ करून द्यायचा. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं.

"आधी काय ठरवायचं?" ताईने विचारलं. "बोर्ड की प्रोसेसर?"

"लग्नात आधी काय ठरवता, मुलगा की मुलगी?"

"मला काय विचारता? माझं झालेलं नाही."

पिनमास्तरने जीभ चावली आणि तो सरळ समजावून सांगायला लागला. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या मुख्य दोन. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डात बसायचा नाही. कंपनी एक असली तरी पिढी जुळायला हवी, म्हणजे प्रोसेसर बसायचं ते खाचांचं घर, सॉकेट, ते जुळायला हवं. "आणि सॉकेट जुळलं म्हणजे झालं असंही नाही. बोर्ड आधी तयार झालेला आणि प्रोसेसर नंतर आलेला असला तर बोर्ड त्याला ओळखतच नाही."

"मग?"

"मग बोर्डाला शिकवावं लागतं. पण शिकवायला तो आधी सुरू व्हायला हवा, आणि सुरू व्हायला त्याला ओळखीचाच प्रोसेसर हवा."

"म्हणजे अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव नाही."

"अगदी बरोब्बर!" पिनमास्तर खूश झाला. त्याने खण ओढून दाखवला. आत कापसावर दहा-बारा जुने प्रोसेसर मांडलेले. "बोर्डांना शिकवायला हे म्हातारे सांभाळलेत."

दुसऱ्या फेरीला ताई एक कागद घेऊन गेली. भरतकामात कापड कापायच्या आधी कागदावर माप घेतात. तिने तेच केलं होतं. डब्याचं झाकण काढून, आतला बोर्ड ज्या स्क्रूंवर बसतो त्या सगळ्या भोकांवर पातळ कागद धरून पेन्सिलने ठिपके उठवून आणले होते. मध्ये पंखा कुठे येतो, तारा कुठून येतात, सगळं काढलेलं. तो कागद तिने काउंटरवर पसरला आणि म्हणाली, "याच्यावर ठेवून दाखवा."

पिनमास्तर बघतच राहिला. "पंचवीस वर्षं दुकानात बसतोय. बोर्डाचं माप कागदावर कुणी आणलं नव्हतं."

मग एकेक बोर्ड कागदावर ठेवून बघणं सुरू झालं. पहिला झकास होता, पण दोन बोटं बाहेर आला. दुसरा बरोबर बसला, तर त्याच्यात जो प्रोसेसर चालतो तो टोपीवाल्या बाईंच्या प्रोग्रामला पुरायचा नाही. तिसऱ्याचं सगळं जुळलं, भोकं जुळली, सॉकेट जुळलं, पिनमास्तरने एक म्हातारा बसवून त्याला नव्या प्रोसेसरची ओळख करून दिली, तेवढ्यात लक्षात आलं की ताईची जुनी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, याच्यात जात नाही, तिची खाच भलतीकडे. रॅम नवी घ्यावी लागली. मग कळलं की वीज पुरवणारा जुना ठोकळाही चालणार नाही, नव्या बोर्डाला त्याच्यापेक्षा चार तारा जास्त लागतात. तोही नवा. अंगठी घ्यायला जावं आणि बोटापासून सगळा हातच बदलून घ्यावा लागावा, तशी गत! तिने सगळं घेतलं.

"माझा जुना प्रोग्राम यावर चालेल ना?" तिने शेवटी विचारलं. "भावाचं सगळं काम त्याच्यावर आहे."

"तुमची डिस्क तर तीच राहणार आहे. चालतात बहुतेक."

बहुतेक! या एका शब्दाने जेवढी घरं बुडालीत तेवढी पुराने बुडाली नसतील. पण ताईचं लक्ष कागदावरच्या ठिपक्यांकडे होतं. एकही ठिपका चुकला नव्हता याचाच तिला अभिमान वाटत होता.

पुढच्या सुट्टीला कारखाना बंद होता आणि भाऊ-भावजय सकाळीच धागा बघायला बाहेर गेले. ताईने दार लावलं, शिडी चढली आणि डबा भिंतीपासून ओढला. मागे धुळीची गादी साचलेली. तिने मागच्या तारा एकेक करून काढल्या. त्यात काडेपेटीएवढा एक ठोकळा होता, दोन स्क्रूंनी रुंद भोकात आवळलेला, त्याला पुढे तारच नव्हती. काय असेल ते असेल म्हणत तिने तोही काढला आणि बटणांच्या डबीत टाकला. स्क्रू रिळांच्या झाकणात ठेवले. जुना बोर्ड उचलला. पिनमास्तरने तो विकत घ्यायचं कबूल केलं होतं, तेव्हा नीट कागदात गुंडाळून ठेवला.

नवा प्रोसेसर हातात घेतला तेव्हा तिला दिसलं की कोपऱ्यातली एक पिन झुकलीये. दुसरी कुणी असती तर घाबरून पळत दुकानात गेली असती. ताईने भिंग लावलं, बारीकातली बारीक सुई घेतली, श्वास रोखला आणि पिन उभी केली. तिच्या हाताला हे नवीन नव्हतंच. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला, प्रोसेसर सोडला, आणि तो स्वतःच्याच वजनाने अलगद खाली बसला. जराही जोर लावावा लागला नाही. मग पंखा, मग रॅम, मग तारा. दुपारी दोन वाजता तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि ताईने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. पिनमास्तरने लिहून दिलेल्या कागदावर बोट ठेवत ठेवत तिने नवी सिस्टीम घातली, आणि मग प्रश्न आला, आधी कुठला प्रोग्राम उघडायचा?

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने मनाशी म्हटलं, आधी माझा. आणि उघडला.

तो आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यात बरा आठवडा. खाली मशीनवर इस्पितळाचा मोठा माल चालू होता, त्याचे टाके केव्हाच पाडून दिलेले. वर काहीच काम आलं नाही. ताई टोप्यांचे टाके पाडत बसली. भाऊ एकदा वर डोकावून गेला. डबा तोच, पडदा तोच, ताई तीच. "काय चाललंय?" त्याने विचारलं. "जुनं नीट करतेय," ती म्हणाली, आणि त्याला ते पटलं. अठरा तारखेला तिने तिन्ही नमुने पाठवले. एकोणीसला बाईंचा फोन आला, "ताई, पसंत! पहिल्या तारखेपासून सुरू करू." त्या संध्याकाळी भाजीची पिशवी तशीच हातात घेऊन ती नर्सबाईंकडे गेली आणि म्हणाली, "खोली मी घेतेय."

बावीस तारखेला सकाळी खालून आवाज आला, "ताई, ओढ गं!"

टोपलीत एका शाळेचा बिल्ला होता. तिनेच नऊ वर्षांपूर्वी केलेला. शाळेला पन्नास वर्षं झाली होती, खाली एक ओळ वाढवायची, एवढंच. दहा मिनिटांचं काम. "उद्या सकाळी मशीनवर लावायचंय," भाऊ ओरडला. ताईने जुना प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यात लिहिलेलं होतं: चावी सापडत नाही.

कुठली चावी? मग आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी प्रोग्राम बसवायला आलेल्या माणसाने एक ठोकळा दाखवून सांगितलं होतं, ही याची चावी, ही मागे लावलेली असली तरच प्रोग्राम उघडतो, चोरून कुणी वापरू नये म्हणून. त्याने ती स्क्रूने आवळली, डबा भिंतीला लागला, आणि चावीचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही. ताईने बटणांची डबी पालथी केली. चावी घेतली, गुडघ्यांवर बसून डब्याच्या मागे हात घातला, चाचपलं, मग विजेरी लावून बघितलं.

भोकच नव्हतं. नव्या बोर्डाला लहान भोकं ढीगभर होती, पण ते रुंद भोक नव्हतं. तिने पोटाचं माप घेतलं होतं, ठिपका न् ठिपका. पाठीचं घेतलंच नव्हतं.

"अहो, ही चावी आधी दाखवायची ना!" पिनमास्तरने कपाळाला हात लावला.

"तुम्ही विचारायचं ना!"

दोघंही खरं बोलत होते, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. पिनमास्तरने सांगितलं की हे भोक बोर्डांवरून जाऊन कैक वर्षं झाली. मधे जोडायच्या तारा मिळतात, पण त्याने स्वतः तीन-चार वेळा करून बघितलंय, चावी त्यांना जुमानत नाही. प्रोग्राम बनवणारी कंपनी? ती तर केव्हाच बंद पडली. "एक करा. तुमचा जुना बोर्ड अजून आहे माझ्याकडे. तो परत बसवून देतो. चावी लागेल, जुनं सगळं उघडेल."

"आणि नवा प्रोग्राम?"

"तो जाईल."

"दोन्ही बोर्ड एका डब्यात नाही बसायचे?"

"एका म्यानात दोन तलवारी? नाही, ताई. दुसरा डबा घ्या. दोन कॉम्प्युटर ठेवा शेजारी शेजारी."

दुसरा डबा म्हणजे भावाला सांगणं आलं. जुना बोर्ड परत बसवणं म्हणजे टोप्या गेल्या, खोली गेली. काहीच न करणं म्हणजे उद्या सकाळी मशीन उभं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिला रडू नाही आलं, राग आला. कसला राग? तर एका बोर्डाच्या पाठीला भोक नाही म्हणून आपण चोरासारख्या इथे उभ्या आहोत, याचा. चोरी काय केली होती तिने? तिने परत फिरता फिरता वाक्यं जुळवली. मी दुसरं काम घेतलंय. मी पहिल्या तारखेपासून दुसरीकडे राहणार आहे. तुझं कामही करून देईन, पण तिथून. तीन वाक्यं. रस्ताभर ती तीच घोकत होती.

भाऊ रिळं लावत होता. तिने कारागिरांना चहाला पाठवलं आणि तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. मग बोर्ड बदलल्याचं, चावीचं, टोप्यांचं, खोलीचं, सगळं सगळं सांगितलं.

भाऊ ओरडला नाही. हातातलं रीळ त्याने फळीवर ठेवलं, खोक्यावर बसला, आणि त्याचा चेहरा पडला. तोच चेहरा. त्याने विचारलं, "ताई, आमचं काही चुकलं का गं?"

मागच्या दारात भावजय येऊन उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला.

आता याला काय उत्तर देणार? मला सांगा, काय देणार? मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर बोट दाखवता आलं असतं. एकोणीस वर्षं दुपारचा डबा वेळेवर वर पाठवला, ताप आला तर उशाशी बसले, चारचौघांत मान दिला. नुसती खिडकी नव्हती म्हणून? असं कुणी म्हणतं का? ताईच्या घशापाशी आलं होतं, की चुकलं नाही, पण मला जायचंय. यातला 'पण' बाहेर पडायला हवा होता.

"नाही रे," ती म्हणाली. "चुकलं काही नाही."

तिथेच सगळं संपलं. भाऊ उठला, त्याने डोळे पुसले आणि हसला. "मग? एवढंच ना? वेडाबाई, मला सांगायचं नाही का आधी! मी आणून दिला असता!"

मग त्याचा उत्साह काय विचारता! तासाभरात तो स्वतः पिनमास्तरकडे गेला. जुना बोर्ड, त्याला नवा डबा, नवा पडदा, सगळं घेऊन आला. दोघा कारागिरांनी शिडीवरून ते वर चढवलं. माळ्यावर दुसरं टेबल लागलं. चावी लागली, स्क्रू आवळले, शाळेचा बिल्ला उघडला, ओळ वाढली. "बघ," भाऊ म्हणाला, "जुनंही चालू, नवंही चालू. आता बोल!"

ताई बोलली. म्हणजे बोलून बघितलं. "ते टोप्यांचं काम माझ्या नावावर..."

"त्यांचा नंबर दे, मी बोलतो. करार-बिरार, तुला त्यातलं काय कळतं? उगीच फसवतील."

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्या बाईंचा फोन आला, आनंदाचा. "बरं झालं हो ताई, तुमच्या भावाशी बोलणं झालं. एकट्या माणसापेक्षा कारखान्याशी करार करणं आम्हाला सोपं. मी एक अट मात्र घातलीये, लेखीच घातलीये. टाके तुम्हीच पाडायचे, दुसऱ्या कुणी नाही!" आपण ताईला केवढा मान मिळवून दिला, अशा थाटात त्या बोलत होत्या. ताईने थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तीस तारखेला तिने नर्सबाईंना फोन करून सांगितलं की खोली नको. "ठीक आहे," नर्सबाई म्हणाल्या, "एक जोडपं विचारत होतंच."

आणि एक तारखेला भावाने ताईसाठी खुर्ची आणली. चाकांची, पाठीला उशी असलेली, वर-खाली होणारी. सुटी सुटी वर नेली आणि गुडघे टेकून, घाम पुसत, स्वतःच्या हाताने जोडली. एक स्क्रू घट्ट बसेना तर तीनदा काढून परत बसवला. खाली कारागीर माना वर करून उभे, टेम्पोवालाही आलेला. भावजय शिडीच्या वरच्या पायरीवर होती, ती म्हणाली, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो ताई."

"बस," भाऊ म्हणाला.

ताई बसली. त्याने पाठीला हात लावून हलकेच ढकललं, आणि खुर्ची जुन्या कॉम्प्युटरपासून नव्या कॉम्प्युटरपर्यंत आवाज न करता गेली.

"बघितलंस? इकडून तिकडे जायला आता उठायचंसुद्धा काम नाही." त्याचे डोळे भरून आले होते. "कशी आहे?"

"छान आहे," ताई म्हणाली, आणि खुर्ची खरंच छान होती.